आधी ब्रेक, मग वेग

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या गल्लीत अकरा मोटारींची पूजा झाली. झेंडूचे हार, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटे, चाकाखाली लिंबू. त्यांतल्या चार गाड्यांना वर्षभरात नवा, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लागला होता. तीन गाड्या स्प्रिंगा कापून खाली बसवलेल्या होत्या. एकीच्या मागच्या काचेवर 'रेसर' असे झळकत होते. शिक्षकी खोडीप्रमाणे मी प्रत्येक गाडीच्या धन्याला एकच प्रश्न विचारला, "ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले?" एकालाही सांगता आले नाही. दोघांनी तर मलाच विचारले, "ते बदलावे लागते का, सर?"

आमच्या सीमाभागात मोटार सजवणारे उदंड झाले आहेत; मोटार तयार करणारे बोटांवर मोजावेत इतके. सजवणे आणि तयार करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक कळत नसल्यामुळे आमची मुले रस्त्यावर मरत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या पापात दोन पक्ष सामील आहेत. एक, मुलाच्या हट्टापायी आवाजाला आणि चकाकीला पैसे देणारे वडील. दुसरा, वेग म्हणजेच पाप असे मानून नुसता उपदेश करणारे आमच्यासारखे सभ्य लोक. या दुसऱ्या पक्षात मी वीस वर्षे होतो, म्हणून त्याच्याविषयी अधिकाराने बोलू शकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून बाहेर पडलेले दोन विद्यार्थी पावसाळ्यात महामार्गावर गेले. गाडीचा सायलेन्सर नवा होता, स्पीकर नवे होते, मागचे दोन्ही टायर मात्र हात फिरवला तर पाटीसारखे गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटे स्तब्धता झाली आणि 'वेगाला आवर घाला' या विषयावर मी भाषण केले. मुले मान खाली घालून उभी होती. उपदेश करून झाल्याच्या समाधानात मी घरी गेलो. टायर कसा पाहावा हे त्या दिवशीही मी एकाही मुलाला दाखवले नाही. दाखवणार कुठून? मला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते.

ते मला शिकवले आमच्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने. उद्यमबागेत त्याचे छोटे मशीन शॉप आहे आणि दारात दहा वर्षांची स्विफ्ट. ती घेऊन त्याला कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर 'ट्रॅक डे'ला जायचे होते. "सर, चला की, बघा तरी," म्हणाला. मुलगा काय थेर करतो ते पाहावे आणि जमल्यास परावृत्त करावे, या हेतूने मी त्याच्या तयारीत लक्ष घातले आणि पुढे त्याच्याबरोबर गेलोही.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. आपली रोजची गाडी बंदिस्त ट्रॅकवर न्यायची आणि ठरलेल्या वेळात, एकाच दिशेने फेऱ्या मारायच्या. नंबर नाही, बक्षीस नाही. पुढे जायचे ते ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने इशारा दिल्यावर. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, लाल म्हणजे सर्वांनी थांबायचे. समोरून कोणी येत नाही, आडवे कोणी जात नाही. ज्या एस. करिवर्धन यांचे नाव त्या ट्रॅकला आहे, त्यांनी मारुती ८०० चे ७९६ सीसीचे साधे इंजिन घालून एकआसनी शर्यतीच्या गाड्या घडवल्या होत्या. घरगुती मोटारीच्या इंजिनावर आपल्याकडची पोरे शर्यतीचे धडे गिरवू शकतात, हे त्या गृहस्थाने दाखवून दिले.

आता तयारी. मला वाटले होते, हा इंजिनाला काहीतरी करील. त्याने इंजिनाला हात लावला तो ताजे ऑइल कमाल खुणेपर्यंत भरण्यापुरता; कारण लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकते आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. बाकीचे बहुतेक पैसे आणि आठवडे गेले गाडी थांबवण्याच्या तयारीत.

पहिला मान ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ताजे 'डॉट ४' किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्याच तेलासाठी तो १५५ अंशांवर येतो. लागोपाठ जोरात ब्रेक दाबले की उष्णता तेलापर्यंत पोहोचते, तेल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे पेडल तळाला टेकते आणि गाडी जात राहते. हे केवळ ट्रॅकवर घडते असे नव्हे. कुटुंब आणि सामान भरून, गियर न उतरवता, नुसत्या ब्रेकवर चोर्ला घाट उतरणाऱ्या गाडीतही हेच घडू शकते. गोव्याला जाताना आपण देवाचे नाव घेतो. तेल मात्र चार वर्षांचे असते.

मग ब्रेक पॅड. ट्रॅकचे खास पॅड घालावेत का, असे मी विचारले. तो म्हणाला, "पूर्ण शर्यतीचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत, सर. सकाळी कारखान्याला जाताना पहिल्याच चौकात दगा देतील." म्हणून त्याने दोन्हीकडे चालतील असे मधल्या प्रतीचे, नवे कोरे पॅड घातले. मला हे महत्त्वाचे वाटले. महागडे ते चांगले, हा आमच्या सजवणाऱ्यांचा सिद्धान्त. कामाला योग्य ते चांगले, हा तयार करणाऱ्याचा.

तिसरे टायर. इथे त्याने माझ्याकडे शाळेचा खडू मागितला! टायरच्या कडेवरून खाली आडव्या रेघा मारायच्या, चार फेऱ्या मारून यायचे आणि खडू कुठपर्यंत पुसला ते पाहायचे. फार खाली पुसला तर हवा कमी, टायर कुशीवर लोळतो आहे. कडेवरही शिल्लक राहिला तर हवा जास्त. सकाळी थंड टायरात २९ पौंड हवा होती, फेऱ्यांनंतर ती ३५ झाली. टायर तापले की हवा वाढते, हे आठवीच्या पुस्तकातले ज्ञान त्याने वहीत तक्ता करून मांडले होते. तीस वर्षे मी खडू फळ्यावर झिजवला. त्याचा असा उपयोग कधी माझ्या डोक्यात आला नव्हता.

चाकांच्या कलाविषयीही त्याने सांगितले. साध्या गाडीची पुढची चाके जवळजवळ सरळ उभी असतात. वळणावर गाडी बाहेर झुकते आणि टायरची बाहेरची कड तेवढी घासते. म्हणून ट्रॅकसाठीच ठेवलेल्या गाड्यांत चाकाची वरची बाजू दोन-तीन अंश आत झुकवतात. याने तसे केले नाही. रोजच्या रस्त्यावर मग आतली कड खाऊन जाते. त्याने नुसती अलाइनमेंट बिनचूक करून घेतली. स्प्रिंगा कापणाऱ्यांना हे कोणी सांगितलेले नसते. स्प्रिंग कापली की चाकाचा कल बदलतो, शॉक ॲब्झॉर्बरचा मेळ जातो, खड्ड्यात गाडी आपटते. गाडी वाघासारखी दिसते आणि बैलगाडीसारखी वळते.

शेवटी वजन. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, पाण्याची बाटली, मागच्या काचेजवळचा गणपती, सगळे काढून ठेवले. बाटली घरंगळून पेडलखाली गेली तर कोणताही ब्रेक उपयोगाचा नाही. चाकांचे नट टॉर्क पान्याने मोजून आवळले आणि प्रत्येक फेरीसत्रानंतर पुन्हा तपासले. हेल्मेट घातले. सत्र संपताना एक फेरी ब्रेक न दाबता, सावकाश, गाडी थंड करण्यासाठी मारली. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढला नाही, गियरमध्ये ठेवली. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवू नयेत म्हणून. एवढी शिस्त मी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात कधी पाहिलेली नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. प्रवेश फी, पेट्रोल, आठशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास हे सगळे खर्चाचे खरे. आणि ट्रॅकवर गाडी आपटली तर आपल्याकडची नेहमीची विमा पॉलिसी भरपाई देत नाही, हेही खरे. पण ट्रॅकवर जा असे मी म्हणतच नाही. तेल, टायर, नट, अलाइनमेंट ही तयारी घरच्या गाडीला लागतेच, आणि ती त्या सायलेन्सरपेक्षा महाग नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि कलम १८९ खाली रस्त्यावरच्या शर्यतीला मनाई आहे. म्हणजे वडील पैसे मोजून कायदा मोडतात आणि सुरक्षिततेवर काटकसर करतात.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. वेग चाखलेला मुलगा रस्त्यावर अधिकच माजणार नाही का? काही जण माजतीलही, मी नाकारत नाही. एका विद्यार्थ्यावरून सिद्धान्त मांडण्याइतका मी भाबडा नाही. पण जे पाहिले ते सांगतो. कोइमतूरहून परतताना त्याने गाडी ऐंशीच्या वर नेली नाही. मीच कंटाळून म्हणालो, "अरे, रस्ता मोकळा आहे." तो म्हणाला, "इथं म्हस आडवी आली तर तिला पिवळा झेंडा कोण दाखवणार, सर?" साठच्या जागी एकशेवीसचा वेग झाला तर ब्रेकांना चौपट शक्ती जिरवावी लागते, हे त्याला सूत्रातून नव्हे, पायाच्या तळव्यातून कळले होते. ज्याने पूर्ण जोराने ब्रेक कधी दाबलेलाच नाही, त्याला आपली गाडी कुठे थांबेल हे कळणार कसे? आमची मुले तो पहिला ब्रेक अपघाताच्या क्षणीच दाबतात.

तिसरा आक्षेप, शाळेचा याच्याशी संबंध काय? दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्यापुरता असेल, तर इतरही काही गोष्टींपुरता असायला हवा. गेल्या वर्षापासून आमच्या मैदानावर नववीची मुले सायकलवर ब्रेक लावून थांबण्याचे अंतर टेपने मोजतात, वेग वाढवून पुन्हा मोजतात. 'वेगाला आवर घाला' हे भाषण मी बंद केले आहे.

या पाडव्याला आपल्यापैकी अनेकांच्या दारात नवी गाडी येईल. हार घाला, पेढे वाटा, लिंबूही ठेवा. माझे काही म्हणणे नाही. मात्र चावी मुलाच्या हातात देण्यापूर्वी बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलचे भांडे कोणते ते त्याला दाखवायला सांगा. टायरमध्ये हवा किती हवी ते विचारा. सांगता आले नाही, तर चावी आपल्या खिशात ठेवा. तुम्हालाच सांगता येत नसेल, तर आधी दोघे मिळून शिका.