जुनी मर्सिडीज सेल्फ घेत नाही तेव्हा

१९९५ पासून पुण्यात जोडलेल्या मर्सिडीज आता जुन्या होऊन आपल्या वस्तीतल्या गॅरेजातही येतात. गाडी बंद पडली की मालक म्हणतो, ‘मोठा पार्ट गेला असेल.’ मेकॅनिक बांधवांना आम्ही सांगतो, घाई नको. आधी बॅटरी मोजा; भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला, तर बॅटरी आणि टर्मिनल पाहा. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन चालू होत नाही? पेट्रोल गाडी असेल तर मागच्या पंपाचा आवाज ऐका. आवाज नसेल तर फ्यूज, रिले तपासा. पंप चालतो, तर प्लगला करंट येतो का पाहा. अंदाजाने बदललेल्या पार्टचे पैसे शेवटी आपल्याच मजुरीतून जातात. मोजून सांगितलेले मात्र मालकालाही मानावे लागते.