खर्रा सुटता सुटत का नाही? उत्तर मेंदूतल्या 'कुलपात' आहे

चंद्रपूर असो की गडचिरोली, पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या पन्नीत खर्रा घोटला जात असल्याचं दृश्य नवीन नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना एवढाच मसाला. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. खर्रा मात्र टिकून आहे. असं का?

रिसेप्टर म्हणजे काय?

मेंदूच्या पेशींवर प्रथिनांची 'कुलपं' असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. शरीरातली रसायनं त्यांच्या किल्ल्या. असिटिलकोलीन ही त्यातलीच एक किल्ली, स्मरणशक्ती आणि एकाग्रतेसाठी महत्त्वाची.

तंबाखूतलं निकोटिन ही तिची डुप्लिकेट किल्ली आहे. ते कुलूप उघडतं, डोपामिन स्रवतं आणि 'बरं वाटतं'. चुन्यामुळे तोंडात निकोटिन लवकर शोषलं जातं. रोजच्या वापराने अशा रिसेप्टरची संख्या वाढते. मग खर्रा मिळाला नाही की चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. याचा अर्थ, हा फक्त 'मनाच्या कमजोरी'चा प्रश्न नाही.

सुपारीचं काय?

'तंबाखू वाईट, सुपारी चालते,' हा समज चुकीचा आहे. सुपारीतलं अरेकोलीन हीसुद्धा डुप्लिकेट किल्लीच. निकोटिन ज्या रिसेप्टरवर काम करतं, त्यातल्याच काहींवर अरेकोलीनही काम करतं, असं अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. म्हणजे खर्रा खाणाऱ्याला एका पुडीत दोन व्यसनं लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच सुपारीला, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवलं आहे. सुपारीमुळे तोंडाची आतली त्वचा ताठर होते आणि हळूहळू तोंड उघडणंच कठीण होतं.

मग सुपारीपासून औषध कसं?

अल्झायमरमध्ये असिटिलकोलीन कमी पडतं. म्हणून शास्त्रज्ञांनी अरेकोलीनच्या रचनेवरून झॅनोमेलिन नावाचं औषध बनवलं. 1990 च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. पण मळमळ, उलट्या आणि घाम यामुळे ते मागे पडलं. पुढे त्याला ट्रॉस्पियमची जोड मिळाली. ट्रॉस्पियम मेंदूत फारसं शिरत नाही, पण उरलेल्या शरीरातला त्रास कमी करतं. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेने ही जोडगोळी स्किझोफ्रेनियासाठी मंजूर केली.

उद्या कुणी 'सुपारी मेंदूला चांगली' असा मेसेज फॉरवर्ड केला, तर एवढं लक्षात ठेवा: औषध म्हणजे मोजलेला डोस आणि बदललेला रेणू. खर्ऱ्यात दोन्ही नाही. निकोटिनचंही तसंच. पार्किन्सनच्या सुरुवातीच्या रुग्णांना निकोटिनचे पॅच देऊन जर्मनी आणि अमेरिकेत चाचणी झाली. 2023 मध्ये निकाल आला. आजार मंदावला नाही.

याचा जिल्ह्याशी संबंध काय?

बंदी पुरवठा रोखू शकते, बदललेले रिसेप्टर पूर्ववत करू शकत नाही. त्यासाठी वेळ, सोबत आणि उपचार लागतात. गडचिरोलीत 2016 पासून सुरू असलेल्या 'मुक्तिपथ' मोहिमेत राज्य सरकार, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट एकत्र आले. गावसंघटना आणि कायद्याच्या अंमलबजावणीसोबत व्यसनींवर उपचार हाही तिचा भाग आहे.

तंबाखू सोडण्यासाठी वापरलं जाणारं व्हॅरेनिक्लिन त्याच निकोटिनच्या कुलपात अर्धवट बसतं आणि तलफ कमी करतं. सुपारीचं व्यसनही त्याच कुलपाशी जोडलेलं असेल, तर अशी औषधं तिथेही उपयोगी पडू शकतील, असं 2015 च्या संशोधनातून सुचवलं गेलं. ते खरं ठरतं का, हे तपासायला खर्रा घोटणाऱ्या या दोन जिल्ह्यांइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.