सही तिची, चाव्या त्याच्याकडे

लहानसा उद्योग करणाऱ्या बाईला तिचे हिशेब पाहणारा माणूस जे पहिलं वाक्य ऐकवतो ते बहुतेक वेळा हेच असतं: "वहिनी, तुम्ही फक्त सही करा, बाकीचं मी बघतो." तिला हायसं वाटतं. शिवणकाम, मसाले, खानावळ, पाळणाघर, जे काही ती करते ते करता करता घर, मुलं, सासूसासऱ्यांची औषधं सांभाळायची असतात. त्यात ही चलनं, रिटर्न, इंग्रजी नोटिसा कुठे निस्तरायच्या? कुणीतरी बघतंय ना, मग झालं. आणि एक दिवस कळतं की 'सर' बघत होते ते स्वतःचं.

असं काही घडलं की आपण हळहळतो आणि म्हणतो, "बिचारी फसली. जरा लक्ष द्यायला हवं होतं तिनं." मला या वाक्याशीच भांडायचं आहे. बाईच्या धंद्याच्या चाव्या बाईच्या हातात नसतात याला तिचा वेंधळेपणा कारणीभूत नाही. घराचा सातबारा, बँकेचं पासबुक, पगाराचं पाकीट यांपासून तिला जसं दूर ठेवलं गेलं, तसंच हिशेबापासूनही ठेवलं जातं. हा स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न आहे आणि आपल्या संघटनांनी तो अजून आपला मानलेला नाही.

आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्या शाळांचे गणवेश शिवून पुरवतात. हाताखाली सहा बायका. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात साधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. पण शाळेनं क्रमांक मागितला म्हणून ताईंनी नोंदणी केली. एकदा नोंदणी केली की उलाढाल कितीही असो, रिटर्न भरावंच लागतं. ते काम नात्यातल्या कुणीतरी सुचवलेल्या कर-सल्लागाराकडे गेलं. ताई दर महिन्याला कराचे पैसे आणि फी त्याच्या खात्यात टाकत, तो मोबाईलवर चलनाचा फोटो पाठवी. चौदा महिने असं चाललं. मग शाळेच्या कार्यालयातून फोन आला: तुमची नोंदणी रद्द झालेली दिसते, बिल थांबवलंय.

ताई केंद्रात आल्या त्या मात्र वेगळ्याच तक्रारीसाठी. "तुझ्यामुळे घर बुडालं" म्हणत नवऱ्यानं हात उचलला होता. सल्लागार त्याचाच मित्र. पण दोष बायकोचा!

हे कसं घडतं ते नीट समजून घेऊ, कारण त्यात जादू काही नाही. जीएसटीच्या पोर्टलवर चलन तयार केलं की त्याला १४ आकडी क्रमांक मिळतो, त्याला सी.पी.आय.एन. म्हणतात. याचा अर्थ एवढाच, की चलन तयार झालं. पैसे खरोखर भरले गेले की १७ आकडी क्रमांक येतो, तो सी.आय.एन. ताईंना येत होते ते सगळे फोटो १४ आकडी क्रमांकाचे. म्हणजे पावती म्हणून दाखवलेला कागद पावतीच नव्हता. घरी बसून चलन तयार करायला एक पैसाही लागत नाही.

मग नोटिसा आल्या नाहीत का? आल्या. पण पोर्टलवर ताईंच्या नावापुढे मोबाईल क्रमांक आणि ई-मेल होता सल्लागाराचा. ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, नोटिसाही त्याच्याकडे. ई-मेलवर आणि पोर्टलवर टाकलेली नोटीस हा कायद्यानं मान्य केलेला बजावणीचा मार्ग आहे. सलग सहा महिने रिटर्न भरलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. ती परत मिळवायचा अर्ज आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत करायचा असतो. ते ९० दिवस चालू होते आणि ताई इकडे बटणं लावत बसल्या होत्या.

आणि जबाबदारी कुणाची? जीएसटी कायद्याचं कलम ४८ स्पष्ट आहे: सल्लागारानं रिटर्न भरलं तरी त्यातल्या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी नोंदणी असलेल्या व्यक्तीचीच राहते. कर पुन्हा भरायचा, त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज द्यायचं, उशिरा भरलेल्या प्रत्येक रिटर्नमागे दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क द्यायचं. लहान उलाढालीला या शुल्काची एका रिटर्नमागे २,००० रुपये अशी कमाल मर्यादा आहे, तेवढाच दिलासा. हे सगळं तिच्या खिशातून. मालकीचा एकटीचा धंदा असेल तर धंद्याचं कर्ज आणि तिचं स्वतःचं कर्ज यात कायदा फरक करत नाही.

जबाबदारीच्या वेळी कायद्याला बाई बरोबर सापडते. मग अधिकाराच्या वेळी ती कुठे जाते? पैशाचं बोलायचं झालं की "मिस्टरांना पाठवून द्या" असं सांगणारे सर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कर्ज योजना महिलांसाठी म्हणून धंदा बायकोच्या नावावर, व्यवहार नवऱ्याच्या हातात आणि कागद सरांच्या कपाटात, हीही घरोघरची व्यवस्था. तिथे सर चोर नसले तरी बाईला काही विचारायची सोय नसते. चोर निघाले तर याच व्यवस्थेचा फायदा ते घेतात. विश्वासघात एका माणसानं केला, पण त्याला दार उघडून दिलं ते घरानं.

"बायकांना हिशेब कळत नाही" असं म्हणणाऱ्यांना मी म्हसवडला जायला सांगते. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या बायकांनी बँक काढायची ठरवली तेव्हा, अंगठे उठवणाऱ्या बायका बँक कशी चालवणार म्हणून रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो. तुमचे साहेब यंत्राशिवाय काढतात का बघू. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आपल्या बचत गटांतही दर महिन्याला हिशेब मोठ्यानं वाचला जातो, दहा रुपयांची चूक निघाली तर बैठक उठत नाही. त्याच बायका स्वतःच्या धंद्याची फाईल न उघडता सरांना देतात, कारण तिथे त्यांना पहिल्या दिवसापासून सांगितलं गेलं की हे तुमचं काम नव्हे.

असा विश्वासघात झाला तर काय करायचं? क्रम महत्त्वाचा आहे. आधी भांडण नको, आधी चाव्या.

पोर्टलवरचा मोबाईल आणि ई-मेल बदलून घ्या. सल्लागार सहकार्य करत नसेल तर आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखपत्र आणि धंद्याचे पुरावे घेऊन जा, तो हा बदल करून देऊ शकतो. मध्यस्थ स्वतःचेच क्रमांक टाकून ठेवतात अशा तक्रारी इतक्या झाल्या की २०१८ मध्ये अर्थ मंत्रालयानंच ही सोय जाहीर केली. तेव्हा तिथे जाताना संकोच कसला? इन्कम टॅक्सचा आणि बँकेचा पासवर्डही त्याच दिवशी बदला. मग पोर्टल उघडून स्वतः पाहा: किती रिटर्न भरली, किती राहिली, किती कर खरोखर जमा झाला. ९० दिवस उलटून गेले असतील तर कारण दाखवून मुदतवाढ मागता येते. कराचं घोडं थांबवून ठेवू नका, व्याज कुणाच्या न्यायाची वाट पाहत नाही.

दुसरं, कागद लेखी मागा. स्पीड पोस्टानं, पोच ठेवून. "वह्या माझ्याकडेच असतात" हे कुणी ठणकावून सांगितलं तर त्याला सांगा, जीएसटी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे हिशेबाच्या वह्या धंद्याच्या नोंदलेल्या जागी असायला हव्यात, आणि ती जागा माझी आहे. मोबाईलवरचे सगळे निरोप, चलनांचे फोटो, त्याच्या खात्यात पैसे गेल्याच्या नोंदी छापून ठेवा.

तिसरं, हा माणूस नेमका कोण ते शोधा. तो सी. ए. असेल तर सनदी लेखापालांची संस्था, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स, १९४९ च्या कायद्याखाली त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करू शकते. तक्रार ठरलेल्या नमुन्यात, नमुना एक मध्ये, करायची. अशिलानं कामासाठी दिलेले पैसे त्याच कामासाठी न वापरणं आणि कामात घोर निष्काळजीपणा करणं, ही दोन्ही त्या कायद्याच्या परिशिष्टात गैरवर्तन म्हणून नोंदलेली आहेत. तो नोंदणी झालेला जीएसटी प्रॅक्टिशनर असेल तर जीएसटी अधिकारी त्याला नोटीस देऊन, म्हणणं ऐकून अपात्र ठरवू शकतो. तो कुठल्याच व्यावसायिक संस्थेकडे नोंदलेला नसेल तर अशी शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावर होऊ शकत नाही. म्हणून काम देण्याआधीच सभासद क्रमांक मागायला शिका. डॉक्टरची पाटी वाचतो ना आपण?

शिस्तभंगाच्या कारवाईनं बुडालेले पैसे परत मिळतीलच असं नाही हेही लक्षात ठेवा. त्यासाठी दिवाणी दावा आणि पोलीस. ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" असं सांगून वाटेला लावतील. कर भरायला म्हणून दिलेले पैसे कुणी स्वतःसाठी वापरले तर तो गुन्हेगारी विश्वासघात आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ लागतं, त्याआधीच्या घटनांना जुन्या दंड संहितेचं ४०६. कलम लिहूनच अर्ज न्या आणि एकट्या जाऊ नका.

यात सगळ्या हिशेबनिसांना मी एका माळेत ओवत नाही. प्रामाणिक हिशेबनिसाला बाईनं पोर्टल उघडलं म्हणून राग येत नाही. ज्याला राग येतो, "माझ्यावर विश्वास नाही का?" असं जो विचारतो, त्याच्याकडून फाईल परत घ्यायला तेवढं एक कारण पुरेसं आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्या केंद्रांच्या नोंदवहीत मारहाण, हुंडा, पोटगी, छळ असे रकाने असतात. ताईंसारखी तक्रार कुठे लिहायची? बहुतेक जणी ती 'कौटुंबिक वाद' म्हणून लिहितील आणि सल्लागाराचा विषय तिथेच संपेल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक अत्याचार हा शब्द यावा म्हणून आपण झगडलो, पण तो पोटगीपुरताच वापरतो. धंदा करणारी बाई म्हणजे सुखवस्तू बाई, तिचा प्रश्न चळवळीचा नव्हे, असं आपल्यातल्याच काहींना मनातून वाटतं. सहा जणींना रोजगार देणाऱ्या ताईंचं बिल थांबलं तेव्हा त्या सहा जणींचीही मजुरी थांबली. त्यांचा प्रश्न तरी आपला आहे ना?

उद्योजकता शिबिरांत आपण लोणची शिकवतो, पॅकिंग शिकवतो, शेवटच्या तासाला एखाद्या सरांचं 'कर सुलभ आहे' असं भाषण ठेवतो. ते भाषण बंद करून तो तास मोबाईल हातात घेऊन पोर्टल उघडायला द्या. प्रत्येक बाईनं स्वतःच्या धंद्याचं एक चलन स्वतः भरून १७ आकडी क्रमांक वहीत उतरवल्याशिवाय शिबिर संपलं असं समजू नका. आणि मैत्रिणींनो, नोंदवहीत एक नवा रकाना आखा. सुरुवात आपल्या संस्थेपासून करा: संस्थेच्या पोर्टलवर मोबाईल क्रमांक कुणाचा आहे ते या आठवड्यात पाहून घ्या.