नावेवर आडोसा बांधताय? आधी वजन मोजा

मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिनकडे राहत असाल, शेजाऱ्याबरोबर एखाद-दोन मोसम बदकांच्या शिकारीला जाऊन आला असाल, तर आता स्वतःच्या छोट्या नावेवर आडोसा बांधावा असं तुमच्या मनात येणारच. इकडे त्याला ब्लाइंड म्हणतात. बाजारात तयार मिळतो, पण महाग असतो. घरी बांधणं अवघड नाही. मात्र बहुतेक लोक बदकांना आपण दिसू नये एवढाच विचार करतात. तुम्ही आधी नाव उलटली तर बाहेर कसं पडायचं, याचा विचार करा. हातोडी त्यानंतर घ्या.

सुरुवात वजनापासून करा. नावेच्या आतल्या बाजूला, बहुधा मागे, एक पत्र्याची पट्टी असते. नाव किती पौंड पेलू शकते हे तिच्यावर लिहिलेलं असतं. समजा तुमची चौदा फुटी सपाट तळाची नाव आहे आणि पट्टीवर 600 पौंड लिहिलंय. जाड कपड्यांतली आणि लांब बुटांतली दोन माणसं 420 पौंड. इंजिन, बॅटरी आणि पेट्रोलची टाकी 150. झाले 570. अजून बंदुका, काडतुसं, खोटी बदकं, डबा, कुत्रा काहीच धरलेलं नाही. आडोसा तर नाहीच नाही. अशा वेळी एक माणूस कमी न्या. पट्टीवरचा आकडा शांत पाण्यासाठी असतो, म्हणून मी तर तिथपर्यंतही जाऊ नका असं सांगेन.

आडोशाचं वजन कोरडा असताना मोजू नका. गोणपाट पाणी पितं. गवताच्या पेंढ्या पाऊस धरून ठेवतात, आणि नोव्हेंबरात त्यावर बर्फ बसतो. सकाळी हलका वाटलेला आडोसा दुपारी जड झालेला असतो, आणि ते सगळं वजन उंचावर असतं. नाव त्यामुळेच डोलते.

सांगाड्यासाठी विजेच्या तारा ज्यातून नेतात त्या पातळ धातूच्या नळ्या घ्या. प्लॅस्टिकचे पाइप स्वस्त पडतात, पण कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होतात आणि तडकतात. नावेच्या लांबीएवढी एक चौकट डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला करा. दोन्ही चौकटी नावेच्या काठावर बिजागरीने बसवा. उभ्या केल्या की त्या आतल्या बाजूला थोड्या झुकाव्यात, आणि वर मधोमध फट राहावी. हाताने धक्का दिला की त्या बाहेरच्या बाजूला पडल्या पाहिजेत. उघडायला कडी नको, चेन नको, गाठ तर मुळीच नको. थंडीने बधिर झालेल्या बोटांना गाठ सुटत नाही.

उंची बसल्यावर डोळ्यांपर्यंत येईल एवढीच ठेवा. त्याहून उंच आडोसा वारा धरतो, आणि वाऱ्यात उघडी छत्री धरावी तशी नाव ओढली जाते. म्हणून नाव चालू असताना दोन्ही चौकटी खाली पाडून बांधा. मुक्कामी पोचलात, नांगर टाकला, इंजिन बंद केलं, की मग उभ्या करा.

मोठ्या भोकांची जाळी वापरू नका. तिच्यात बटण अडकतं, बुटाची टाच अडकते, बंदुकीचा घोडासुद्धा अडकतो. घट्ट विणीचं कापड किंवा गोणपाट लावा आणि त्यावर गवत बांधा. गवत तुम्ही जिथे बसणार तिथलंच हवं. पाणकणसांच्या बेटात वाळलेल्या मक्याची ताटं लावली तर बदकं वरूनच वळतात. पण दिसेल तिथे विळा चालवू नका. राखीव क्षेत्रात गवत कापायला बहुधा मनाई असते. परवानगी असलेल्या जागी पाण्याच्या वर कापा, मुळं-चिखल बरोबर आणू नका, आणि तुमच्या राज्याची नियमपुस्तिका आधी वाचा. एका तळ्यातला गाळ-शेवाळ दुसऱ्या तळ्यात गेला की ते तळं बिघडतं.

रंग फार मनाला लावून घेऊ नका. बदकाला चमक दिसते, हालचाल दिसते, वर पाहणारा चेहरा दिसतो. नावेला चमक नसलेला मातकट रंग द्या, टोपी खाली ओढा आणि स्वस्थ बसा.

बांधून झालं की एखाद्या उबदार दिवशी कमरेएवढ्या पाण्यात चाचणी घ्या. सगळं सामान भरा. काठ पाण्याच्या किती वर राहतो ते पाहा. मग चौकटी उभ्या करा, डोळे मिटा आणि बाहेर पडून दाखवा. तुमच्याबरोबर येणाऱ्यालाही तसंच करायला लावा. कुठेही अडखळलात तर ती जागा कापून मोकळी करा.

लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नको. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट नुसता श्वास ताब्यात आणण्यात जातं. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात. गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. म्हणजे शुद्धीवर असूनही जॅकेट चढवायचं बळ हातांत उरत नाही. पडलात तर नाव सोडू नका. उलटली तरी तिला धरून राहा.

1940 सालचा 11 नोव्हेंबर इथले जुने लोक विसरले नाहीत. सकाळ उबदार होती. शिकारी पातळ कोट घालून मिसिसिपीच्या बेटांवर गेले. दुपारी वादळ आलं, पारा कोसळला, लाटांमुळे छोट्या नावांना परतता येईना. एकट्या मिनेसोटात 49 माणसं गेली, त्यांत बदकांचे शिकारी पुष्कळ होते. अंदाज वाऱ्याचाही बघा, आणि उबदार सकाळीसुद्धा जाड कपडे बरोबर ठेवा.

आडोशात गॅसची शेगडी नको. वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं, आणि बंदिस्त जागेत विषारी वायू साचतो, त्याला वासही नसतो. बंदुका प्रवासात रिकाम्या आणि म्यानात. गोळी बसूनच झाडा. दोघांनी एकदम उभं राहू नका. अंधारात निघालात तर दिवे गवताच्या वर दिसले पाहिजेत, नाहीतर दुसरी नाव तुमच्यावर येईल. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा.

कायद्याचंही ऐका. राज्याचा परवाना हवा. सोळा किंवा त्याहून जास्त वय असेल तर केंद्राचा 25 डॉलरचा डक स्टॅम्प हवा. बदकांसाठी शिशाचे छरे 1991 पासून देशभर बंद आहेत. इंजिनाने चाललेल्या नावेतून गोळी झाडायची नाही. इंजिन बंद आणि नाव थांबलेली हवी. आणि आपल्या लोकांसाठी खास: नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असाल, तर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असला तर त्यातून सूट मिळते. मित्राची बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. चूक झाली तर देश सोडायची पाळी येऊ शकते. भारतात तर रानबदकांच्या शिकारीला बंदीच आहे, तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर हा आडोसा फक्त कॅमेऱ्यासाठी, तोही वनखात्याला विचारून.

निघण्याआधी घरी एक कागद लिहून ठेवा. कुठल्या धक्क्यावरून निघणार, कुठल्या बेटाजवळ बसणार, बरोबर कोण, गाडीचा नंबर, परतायची वेळ. त्या वेळेनंतर किती थांबून 911 ला फोन करायचा तेही त्यावर लिहा. शिकारीची जागा गुपित ठेवायची असेल तर मित्रांपासून ठेवा. घरच्यांना ती ठाऊक हवी.