दाराची रुंदी ठरली. रात्री जागे कोण राहणार?

ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पात दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद असावेत, स्वच्छतागृहात आधाराचे दांडे आणि न घसरणाऱ्या फरशा असाव्यात, व्हीलचेअरसाठी उतार असावा. महारेराने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सारे आहे आणि ते स्वागतार्ह आहे. पण त्याच इमारतीत रात्री दोन वाजता पंच्याऐंशी वर्षांच्या आजी पडल्या, तर त्यांना उचलायला किती माणसे जागी असतील? ती शिकलेली असतील का? ती स्वतः धडधाकट असतील का? बांधकामाच्या नियामकाने याचे उत्तर द्यावे, अशी अपेक्षा नाही. अडचण अशी की, ते उत्तर देणे आज कोणावरच नीट बंधनकारक नाही.

असिस्टेड लिव्हिंग म्हणजे नेमके काय?

घर आणि रुग्णालय यांच्या मधली ही जागा. इथे राहणाऱ्याला शस्त्रक्रिया किंवा आयसीयू लागत नाही. पण अंघोळ, कपडे, शौचाला जाणे, वेळेवर गोळ्या घेणे यासाठी कोणाचा तरी हात लागतो. काहींना स्मृतिभ्रंश असतो, काही अंथरुणाला खिळलेले असतात. पुणे, मुंबई, नाशिकसारख्या शहरांत मुले परगावी किंवा परदेशी असलेली कुटुंबे अशा केंद्रांकडे वळत आहेत. ती पैसे मोजतात ते खोलीसाठी कमी आणि माणसासाठी जास्त. मात्र माहितीपत्रकात बाग दिसते, जेवणाचा हॉल दिसतो. रात्रपाळीचा तक्ता दिसत नाही.

कायदा कुठे थांबतो?

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा केंद्रीय कायदा २००७ चा. त्याच्या कलम १९ नुसार प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा एक वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू शकते. ‘उभारू शकते’; ‘उभारलाच पाहिजे’ असे नाही. शिवाय हा विचार निराधारांचा आहे. पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी केंद्रांचा प्रश्न त्यात जवळपास सुटूनच गेला.

ही उणीव भरून काढणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ज्येष्ठांच्या केंद्रांची नोंदणी, किमान निकष आणि घरी सेवा देणाऱ्या संस्थांसाठी प्रशिक्षित, प्रमाणित काळजीवाहक, अशा तरतुदी त्यात होत्या. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला; पण मंजूर होण्याआधीच २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले.

रात्रपाळीचे साधे गणित

समजा, एका केंद्रात ३० ज्येष्ठ आहेत आणि त्यांतले आठ अंथरुणाला खिळलेले आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत प्रत्येकाची चार वेळा, म्हणजे ३२ वेळा. डायपर पाहण्यासह एका वेळेला दहा मिनिटे धरली, तरी पाच तासांहून अधिक वेळ झाला. त्यात उरलेले २२ जण आलेच नाहीत. एकटी मावशी हे करू शकत नाही. मग कूस बदलणे राहून जाते आणि जखम आठवड्याभराने दिसते.

दुसरे गणित पगाराचे. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची, तर आठवड्याचे १६८ तास होतात. एका कर्मचाऱ्याने ४८ तास काम केले, तर साडेतीन माणसे लागतात. रजा धरल्या तर चार. दोघींवर बारा-बारा तासांची ड्युटी टाकून, सुटी न देता हे भागवले, तर प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्याला ८४ तास येतात. ‘चोवीस तास सेवा’ असा फलक लावणाऱ्या केंद्राला म्हणूनच पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: त्या एका जागेमागे माणसे किती?

कॅलिफोर्नियाने काय केले?

अमेरिकेत अशा केंद्रांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १६ ते १०० रहिवाशांच्या केंद्रात रात्री दहा ते सकाळी सहा किमान एक कर्मचारी जागा असावा लागतो आणि दुसरा दहा मिनिटांत पोहोचेल असा असावा लागतो. प्रत्यक्ष सेवा देणाऱ्याला सुरुवातीला ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यातले २० तास एकट्याने काम करू देण्याआधी. नोकरीवर घेताना क्षयरोगाच्या चाचणीसह आरोग्य तपासणीही होते.

हे नियम ठेच लागून कडक झाले. २०१३ मध्ये तिथल्या कॅस्ट्रो व्हॅलीत सरकारने एका केंद्राचा परवाना रद्द केला. पगार मिळेना म्हणून बहुतेक कर्मचारी निघून गेले. ज्येष्ठांना काही दिवस सांभाळले ते मागे राहिलेल्या एका स्वयंपाक्याने आणि एका सफाई कामगाराने. पुढच्याच वर्षी राज्याने कायद्यात सुधारणा केल्या. आजही तिथे दिवसपाळीला माणशी ठरलेले प्रमाण नाही, ‘पुरेसे कर्मचारी’ एवढेच म्हटले आहे. त्यामुळे तिथले सगळेच आदर्श मानण्याचे कारण नाही. पण निदान रात्रीचा किमान आकडा कागदावर आहे.

शिकवायचे काय?

‘माया असली की झाले’ हा समज घातक आहे. गिळायला त्रास होणाऱ्याला आडवे ठेवून भरवले, तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनी अंघोळीला विरोध केला, तर तो हट्ट नसतो, भीती असते. जोर केला की मारहाणीपर्यंत प्रसंग जातो. पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून ओढले, तर खांदा निखळू शकतो. या गोष्टी थोड्या तासांत शिकवता येतात. जनरल ड्युटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे अभ्यासक्रम देशात आहेत. मात्र ब्युरोकडून काल आलेली मुलगी आज रात्री एकटी मजला सांभाळते, तेव्हा ते अभ्यासक्रम कागदावरच राहतात.

कर्मचाऱ्याची तब्येत हा खासगी प्रश्न नाही

२०२० च्या सुरुवातीला अमेरिकेतील कर्कलंड येथील एका शुश्रूषा केंद्रात कोविड पसरला. लक्षणे असताना कामावर येणे आणि एकाहून अधिक केंद्रांत काम करणे ही त्याची कारणे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने नोंदवली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्याच वर्षी कर्मचाऱ्यांना एकाच केंद्रात काम करण्याचा आदेश दिला आणि त्यांचे वेतनही समान पातळीवर आणले. आदेशाइतकेच वेतन महत्त्वाचे, कारण कोणी हौसेने दोन ठिकाणी राबत नाही.

आपल्याकडे क्षयरोग आजही मोठा आहे. कामावर घेताना तपासणी, हिपॅटायटिस बीची लस, दरवर्षी फ्लूची लस एवढे तरी हवे. पण तपासणी ही माणसाला काढून टाकण्याची सबब होता कामा नये. ताप आला तर पगार कापला जाणार असेल, तर मावशी ताप लपवून येणारच. राज्य विमा योजना लागू असलेल्या आस्थापनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या पात्र कर्मचाऱ्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. ब्युरोमार्फत रोजावर आलेल्यांची त्यात नोंद आहे का, हे केंद्राने पाहिले पाहिजे. ज्यांच्या कंबरेवर सारे केंद्र उभे आहे, त्यांची कंबरदुखी हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे.

खर्च वाढेल, हे खरे

या नियमांनी शुल्क वाढेल आणि लहान केंद्रे बंद पडतील, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. म्हणून नियम टप्प्याने यावेत, रहिवाशांची संख्या आणि त्यांचे परावलंबन पाहून प्रमाण ठरावे, प्रशिक्षणाचा भार सरकारने काही काळ उचलावा. पण कमी माणसांत भागवून वाचलेले पैसे हवेत विरत नाहीत. ते कोणाच्या तरी जखमेतून आणि कोणाच्या तरी मोडलेल्या पाठीतून वसूल होतात. दिल्लीच्या नव्या विधेयकाची वाट पाहण्याची गरज नाही. सर्व केंद्रांची नोंदणी, रात्रीचा किमान आकडा, प्रशिक्षणाचे तास आणि पगारी आजारपणाची रजा या चार गोष्टींवर राज्य सरकार आपल्या पातळीवर पाऊल उचलू शकते.

तोवर केंद्र पाहायला जाणाऱ्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. काल रात्री किती जण जागे होते? नव्या कर्मचाऱ्याला एकट्याने काम देण्याआधी किती दिवस शिकवता? शेवटची आरोग्य तपासणी कधी झाली? आजारी पडल्यावर पगार मिळतो का? शेवटचा प्रश्न व्यवस्थापकाला नव्हे, मावशीला विचारावा.