भाव विचारायची सोय

चित्रप्रदर्शनात पुणेकर कसा वावरतो, हे बालगंधर्वच्या कलादालनात कुणीही पाहून घ्यावे. तो हात मागे बांधतो, आवाज खाली आणतो, प्रत्येक चित्रासमोर साधारण सारखाच वेळ उभा राहतो आणि दाराजवळच्या वहीत ‘छान’ असा अभिप्राय लिहून बाहेर पडतो. हाच गृहस्थ अर्ध्या तासाने मंडईत शिरला की वेगळाच माणूस होतो. वांगे हातात घेऊन दाबून पाहतो, भाव विचारतो, ‘काल तर स्वस्त होते’ म्हणून हुज्जत घालतो आणि नाही पटले तर पुढच्या गाळ्याकडे वळतो. वांग्याबद्दल त्याला मत आहे. चित्राबद्दलही असते, पण ते बोलून दाखवण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्याला वाटत नाही.

म्हणूनच चार-दहा चित्रकारांनी एकत्र येऊन प्रदर्शनच गल्लीतल्या दुकानासारखे मांडावे, ही कल्पना मला नुसती गंमत वाटत नाही. कल्पना तशी जुनी आहे. क्लेस ओल्डनबर्ग या शिल्पकाराने १९६१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या साध्यासुध्या वस्तीत चक्क दुकान थाटले. पुढच्या भागात प्लॅस्टरचे, भडक रंगवलेले कपडे आणि खाद्यपदार्थ विकायला ठेवलेले. मागे ते बनवण्याची कार्यशाळा. पुढे १९६४ च्या ऑक्टोबरात त्याच शहरातल्या बियांकिनी गॅलरीत ‘द अमेरिकन सुपरमार्केट’ हे सामूहिक प्रदर्शन भरले. मांडणी थेट किराणा दुकानाची. फळे, अंडी, मांस मात्र कलावंतांनी घडवलेले. अँडी वॉरहॉल यांची सही असलेले सूपचे खरे डबे तिथे साडेसहा डॉलरला एक आणि अठरा डॉलरला तीन असे विकायला होते. वॉरहॉल यांनीच काढलेले सूपच्या डब्याचे चित्र होते दीड हजार डॉलरला!

आयुष्य बँकेत आकडेमोड करण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला ही भावपट्टीच सगळ्यात बोलकी वाटते. तीन डबे एकदम घेतले तर दीड डॉलर सुटतो, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला कळेल. आणि तो कळला की पुढचा प्रश्न आपोआप येतो: सहीचे एवढे, तर चित्राचे एवढे का? गॅलरीत जो प्रश्न विचारणे अडाणीपणाचे ठरते, तो दुकानात गिऱ्हाइकाचा हक्क असतो. दुकानाच्या मांडणीचे खरे बळ यातच आहे.

पण एक मेख आहे. बियांकिनी गॅलरी श्रीमंतांच्या वस्तीत होती. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणारी बाई पिशवी घेऊन तिथे येण्याचा संभव कमीच. दुकान हे तिथे नेपथ्य होते. आपल्याकडेही तसेच व्हायला वेळ लागणार नाही. जुना तराजू, बरण्या, ‘आज रोख, उद्या उधार’ची पाटी मांडायची, चार फोटो काढायचे आणि ‘किती छान होते ते दिवस’ म्हणत घरी जाऊन किराणा मात्र मोबाइलवरून मागवायचा! खरा वाणी दुकान मिटण्याच्या बेतात असताना त्याच्या दुकानाचे प्रदर्शन भरवणे, यासारखी क्रूर थट्टा नाही.

पुण्याला याहून चांगला धडा घरातच मिळण्यासारखा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली या शहरात चित्रशाळा काढली. देवदेवतांची, इतिहासपुरुषांची छापील चित्रे तिथून साध्या घरांत गेली. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातली लक्ष्मी तिथून वाण्याच्या गल्ल्यावर येऊन बसली. त्या चित्रांच्या दर्जाबद्दल मतभेद असतील. पण ती लोकांनी पैसे मोजून घेतली, चौकटीत बसवली आणि भिंतीवर लावली. पुढे दिवाळीला फुकट कॅलेंडरे मिळू लागली आणि चित्र विकत घेण्याची आपली सवयच गेली.

चित्रकार मात्र दुकानाला विसरले नाहीत. मुंबईत जन्मलेले, पेशाने हिशेबतपासनीस असलेले भूपेन खक्कर यांनी १९७२ मध्ये घड्याळे दुरुस्त करणाऱ्याला आणि शिंप्याला चित्रात मानाचे स्थान दिले. घाटकोपरच्या अतुल दोडिया यांनी तर दुकानाच्या लोखंडी शटरवरच चित्रे काढली. त्यांच्या २००२ च्या एका कामात शटरवर कॅलेंडरातली महालक्ष्मी आहे. शटर वर सरकवले की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. समोर लक्ष्मी आणि आत लक्ष्मीपायी गेलेल्या मुली! रोज सकाळी खडखडत वर जाणाऱ्या शटरमागे काय काय असू शकते, हे एवढ्या मोजक्या साधनांत सांगायला मोठाच कलावंत हवा.

‘कला म्हणजे काय किराणा आहे?’ असे कुणी विचारील. नाही. पण किराणा दुकान म्हणजे तरी नुसता माल कुठे असतो? वाण्याला घरातली माणसे ठाऊक असतात, पगार कधी होतो हे ठाऊक असते. तो वहीत नाव लिहून महिनाभर थांबतो. त्याचे खरे भांडवल विश्वास हे आहे. दुकानाचे प्रदर्शन करणाऱ्या कलावंतांनी बरण्यांपेक्षा ही वही उचलावी. पेठेतला एखादा रिकामा गाळा महिनाभर घ्यावा. प्रत्येक चित्राखाली किंमत स्वच्छ लिहावी. लहान चित्रे, छापील प्रतीही ठेवाव्यात. हप्त्याने पैसे घ्यावेत. आणि ‘यात काय आहे?’ असे विचारणाऱ्याला न हसता उत्तर द्यावे.

नोकरीत असताना स्कूटर, फ्रिज, टीव्ही यांसाठी कर्जाचे असंख्य अर्ज माझ्या टेबलावरून गेले. चित्रासाठी एकही आला नाही. याचा अर्थ लोकांना चित्रे नको आहेत असा मी कधीच लावला नाही. चित्र ही आपण घेण्याची वस्तू आहे, असे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते, एवढाच तो अर्थ.

आणि अशा दुकानावर पाटी कोणती लावावी, हे पुणेकरांना सांगायला नको. ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य हाताने काढलेल्या चित्राइतके दुसऱ्या कोणत्या मालाला शोभेल?