टॉवर कोणाचाही, रेंज सगळ्यांची

बीएसएनएलचे स्वदेशी फोर-जी जाळे २७ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्रार्पण झाले. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण कोकणातील मंडणगडसारख्या डोंगराळ तालुक्याची गरज साधी आहे: वाडीत रेंज हवी आणि ती पावसाळ्यात टिकायला हवी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीला झोडपले, तेव्हा विजेपाठोपाठ फोनही गेले आणि मदत नेमकी कुठे हवी, हेच कळेना.

वाडीत रेंज पोहोचवण्याचा उपाय सरकारनेच दाखवला आहे. जानेवारी २०२५ पासून ‘डिजिटल भारत निधी’तून उभारलेल्या टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीचे फोर-जी वापरता येते. अशा सामायिक वापराची सक्ती सर्वच टॉवरवर केली, तर गुंतवणूक करणाऱ्यावर अन्याय होईल, असा आक्षेप येईल. तो अगदीच खोटा नाही; म्हणून वापराचे भाडे ठरवून द्यावे. मात्र एकाच डोंगरावर तीन कंपन्यांनी तीन टॉवर उभारावेत आणि पलीकडची खोरी कोरडी राहावीत, ही उधळपट्टी ग्राहकाच्याच बिलातून होते. दूरसंचार विभागाने कोकणातील दुर्गम तालुक्यांत सामायिक टॉवर आणि वीज गेली तरी ते चालू राहावेत म्हणून पुरेशा क्षमतेच्या बॅटऱ्या येत्या पावसाळ्यापूर्वी बंधनकारक कराव्यात.